तळालगतचा मासा

९ फेब्रुवारी

वहिनी,

पाकिटावरचं अक्षर तू ओळखलं असशीलच. तरी उघडलंस, म्हणजे अर्धं काम झालं.

आज जहाजावर चढण्याआधी तोच तो फॉर्म भरायचा होता. रक्तगट, ॲलर्जी, आणि शेवटी, काही बरंवाईट झाल्यास कोणाला कळवावं. गेली पाच वर्षं त्या रकान्यात मी कचेरीचाच पत्ता घालत आले. आज कारकुनाने फॉर्म परत माझ्याकडे सरकवला. म्हणाला, "मॅडम, कचेरीला कळवून कचेरी काय करणार? माणूस लिहा."

मी तुझं नाव लिहिलं. नातं, वहिनी. पत्ता मात्र माझ्याकडे नव्हता. तू गाव बदललंस एवढंच ऐकून होते. तो जाळेमामांकडून मागून घेतला. आपली होडी चालवणारे तांडेल आता आमच्या जहाजावर जाळ्याचं काम बघतात हे तुला ठाऊक असेल. इथे सगळे त्यांना जाळेमामा म्हणतात. त्यांनी पत्ता दिला, पण चिठ्ठीवर लिहून, हातात न देता टेबलावर ठेवून.

तुला न विचारता नाव घातलं, ते तुला कळवायला हवं म्हणून हे पत्र. नको असेल तर सांग, खोडीन.

उद्या निघतोय. अठरा दिवसांची फेरी. माझ्या आकड्यावरून पाच वर्षांपूर्वी जो पट्टा मासेमारीला बंद झाला, त्याच पट्ट्यात मासा किती आहे ते परत मोजायचंय. या वेळच्या आकड्यावरून ठरणार, बंदी उठवायची की आणखी पाच वर्षं वाढवायची. मोहिमेची प्रमुख या खेपेलाही मीच आहे.

फॉर्मवर तुझं नाव लिहिताना एक गोष्ट आठवून हसू आलं. मी आठ वर्षांची आणि तू एकोणीसची. आई नव्हती, बाबा असून नसल्यासारखे, आणि दादा तुला घेऊन आला. चार बायका जमल्या की तू मुद्दाम मला म्हणायचीस, "अहो वन्सं, जरा नाक पुसून येता का?" मला वाटायचं, मी फार मोठी कोणीतरी आहे. खरंच मोठी आहे असं वाटून मी नाक पुसायचे.

हे पत्र निघण्याआधी टाकतेय. पुढचं बंदर लागेल तिथून.

तुझी,
जिला तू वन्सं म्हणायचीस ती


१५ फेब्रुवारी, जहाजावरून

वहिनी,

समुद्र शांत आहे. मी मात्र नाही.

आमचं काम कसं चालतं ते मी तुला कधी नीट सांगितलंच नाही. जहाजाच्या पोटाखाली एक यंत्र बसवलेलं असतं. ते खाली आवाज सोडतं आणि परत आलेला प्रतिध्वनी ऐकतं. माशाच्या पोटात हवेची पिशवी असते ना, जी तू सुरीच्या टोकाने फट्‌कन फोडायचीस, आवाज आपटून परत येतो तो मुख्यतः तिच्यावरून. पडद्यावर ठिपके उमटतात, थवा मोठा असेल तर लाल ढग. जहाज शेतात नांगर फिरवावा तसं सरळ जातं, वळतं, परत सरळ येतं. आणि ठरलेल्या ठिकाणी जाळं टाकून बघायचं, की पडद्यावर दिसलेला मासा नक्की कुठला, केवढा.

निघायच्या आधी यंत्राची परीक्षा घेतो. सुपारीएवढी धातूची गोळी तीन दोऱ्यांनी बांधून जहाजाखाली लोंबकळत सोडायची. तिचा आवाज किती यायला हवा ते पक्कं ठाऊक असतं. तेवढाच आला तर यंत्र खरं बोलतंय. चार तास गेले त्यात. जाळेमामा दोऱ्या धरून उभे होते. मी म्हटलं, "मामा, थोडं डावीकडे." ते म्हणाले, "हो मॅडम." मी म्हटलं, "पुरे." ते म्हणाले, "बरं मॅडम."

मला खांद्यावर बसवून धक्क्यावर फिरवणारा माणूस मला मॅडम म्हणतो, वहिनी. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

परवा जेवताना मी धीर करून विचारलं, "आपली होडी कोणी घेतली?" ते ताटातच बघत म्हणाले, "कोण घेणार? पट्टा बंद, मग होडी घेऊन लोणचं घालायचं? तोडली. फळी फळी सुटी केली. इंजिन तेवढं गेलं." मग पाणी प्यायले आणि म्हणाले, "वहिनीसाहेब आल्या होत्या बघायला. शेवटपर्यंत उभ्या होत्या."

मला हे कुणी सांगितलंच नाही, असं लिहिणार होते. पण मी विचारलं कुठे होतं? होडी विकली असेल, तू बहिणीकडे निवांत असशील, असं मी धरून चालले होते. तसं धरून चालणं मला सोयीचं होतं.

दादा गेला तेव्हा मी सोळाची. सगळे तुला म्हणाले, होडी विक, माहेरी जा, पोरीला कुठेतरी कामाला लाव. तू होडी ठेवलीस, तांडेल ठेवलास, आणि स्वतः मासे साफ करायच्या शेडमध्ये उभी राहिलीस. गार पाण्यात दिवसभर हात. मी शाळेतून थेट तिथे यायचे. तू मला सुरी धरायला शिकवलीस, मासा फाडायला शिकवलंस, आणि पोट फेकून देऊ दिलं नाहीस. "काय खाऊन आलाय ते बघ, म्हणजे कुठे होता ते कळेल." पुढे विद्यापीठात सरांनी पहिल्याच तासाला हेच सांगितलं. मी वहीत लिहिलंसुद्धा नाही. मला येत होतं.

आता पाच वर्षांपूर्वीच्या त्या सभेचं लिहिते. हे लिहायला सहा दिवस लागले.

सभागृहात तीनशे माणसं होती. मी आकडा सांगितला. नऊ हजार टन. बाराच्या खाली गेला तर पट्टा पूर्ण बंद, असा नियम. माणसं ओरडत होती, शिव्या देत होती, मी त्याला तयार होते. मग तू उठलीस. पदर नीट केलास आणि अजिबात न ओरडता विचारलंस, "तुमचं यंत्र तळाला चिकटलेला मासा बघतं का? काळपाठ्या दिवसा चिखलाला पोट लावून बसतो. आम्ही त्याच्या पोटातला चिखल रोज धुतो."

आणि मी माइकवरून म्हणाले, "हा शास्त्राचा विषय आहे, बाई. त्यावर अंदाजाने बोलून चालत नाही."

बाई. वहिनीसुद्धा नाही.

तुझा प्रश्न बरोबर होता. तळाचा स्वतःचा आवाज इतका मोठा येतो, की त्याला लागून असलेला मासा त्यात बुडून जातो. मीटरभर, उतारावर दोन-तीन मीटर, यंत्र आंधळंच असतं. हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. अहवालाच्या शेवटी, बारीक अक्षरात, मीच लिहिलं होतं, "तळालगतचा पट्टा हिशेबात धरलेला नाही." त्यात किती मासा असेल ते मला माहीत नव्हतं, आणि प्रमुख म्हणून तो माझा पहिलाच अहवाल होता.

पण खरं कारण वेगळंच. शेजारी संचालक बसले होते. तू माझी कोण ते समोरच्या अर्ध्या लोकांना ठाऊक होतं. मी थांबले असते, "प्रश्न बरोबर आहे, तपासून बघते" म्हणाले असते, तर उद्या सगळे म्हणाले असते की घरच्या होडीसाठी आकडा फिरवला. दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर मी थांबले असते, वहिनी. तू विचारलंस म्हणून थांबले नाही.

आता झोपते. उद्यापासून खोल पाण्यातलं काम.


१९ फेब्रुवारी, जहाजावरून

वहिनी,

मागच्या वेळी आम्ही जाळं फक्त मधल्या पाण्यात टाकलं होतं, आणि तेही पडद्यावर मासा दिसला तिथेच. या वेळी मी आराखड्यात तीस ठिकाणं घातली. पडद्यावर काही दिसो न दिसो, तिथे तळावरून अर्धा तास जाळं ओढायचंच. कारण विचारलं तेव्हा मी कागदावर काहीतरी भारदस्त लिहिलं. खरं कारण तुझा प्रश्न होता. पाच वर्षं तो माझ्याबरोबर जेवायला बसतोय.

आज सतराव्या ठिकाणी पोचलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. पडदा कोरा. निळं पाणी आणि खाली तळाची जाड लाल रेघ, बस. कप्तान म्हणाला, "इथे कशाला वेळ घालवायचा? काही नाही खाली." मी म्हटलं, "यादीत आहे." जाळं सोडलं. अर्ध्या तासाने ओढायला घेतलं तर जाळं ओढणाऱ्या यंत्राची दोरी कुरकुरायला लागली. जाळेमामांनी हात वर करून वेग कमी करायला लावला आणि पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ बघितलं.

जाळं वर आलं तेव्हा पोट फुटेस्तोवर भरलेलं. सगळे काळपाठे. डेकवर ओतले तर माझ्या बुटांपर्यंत आले.

जाळेमामा वाकले, एक मासा उचलून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "घे. विचार त्याला."

मी तिथेच, डेकवर बसून, तुझ्यासारखा, शेपटीकडून नाही तर गळ्याखालून, पोट फाडलं. बारकी चिखली कोळंबी आणि गाळ. दुसरा फाडला, तेच. पंचवीस फाडले. प्रयोगशाळेतल्या पोरी माझ्याकडे बघत राहिल्या; मोहिमेची प्रमुख मासे साफ करतेय असं त्यांनी कधी बघितलं नव्हतं. एकीने विचारलं, "मॅडम, एवढा वेग कसा?" मी म्हटलं, "पोटासाठी केलंय ते." तिला वाटलं, विनोद केला.

सगळे मोजले, लांबी घेतली, कानातले खडे काढले. त्या खड्यांवर झाडाच्या खोडासारखी वर्तुळं असतात, त्यावरून वय कळतं. बरेचसे चार वर्षांचे निघाले. म्हणजे बंदीनंतर जन्मलेले. तेवढ्यापुरतं मला बरं वाटलं. ते तुझ्यापासून लपवत नाही.


२१ फेब्रुवारी

कालचं लिहायचं राहिलं.

एका जाळ्यावरून काही सिद्ध होत नाही. म्हणून मी कप्तानाकडे एक जादा दिवस मागितला. त्याच सतराव्या जागेवर, त्याच रेषेवर, दुपारपासून अंधार पडेपर्यंत येरझाऱ्या घालायच्या. तो भडकला. "डिझेल काय तुमच्या तीर्थरूपांचं आहे? परवापासून वारा उठणार आहे." मी काही बोलायच्या आत जाळेमामा दारातून म्हणाले, "वारा परवा सकाळी उठेल. उद्याचा दिवस आहे." कप्तानाने त्यांच्याकडे बघितलं, खिडकीतून आभाळाकडे बघितलं, आणि कबूल झाला.

दुपारी तीन वाजता पडदा कोरा. चारला कोरा. पाचलाही. मी तर पाय हलवत बसले होते, तू मारायचीस ना त्यासाठी. मग सूर्य टेकला आणि तळाच्या त्या लाल रेघेवर जरा लव उगवल्यासारखं दिसायला लागलं. आधी वाटलं, यंत्राचा दोष. मग ती लव रेघेपासून सुटली, वर सरकली, ठिपके झाले, ठिपक्यांचा ढग झाला. वीस मिनिटांत सगळा थवा तळ सोडून दहा मीटर वर आलेला. दुपारभर तो आमच्या खालीच होता. आम्ही त्याच्या डोक्यावरून पाच वेळा गेलो आणि पाच वेळा "काही नाही" असं नोंदवलं.

जाळेमामा माझ्या खुर्चीमागे उभे होते. म्हणाले, "पोरी, तुझं यंत्र चांगलं आहे गं. फक्त त्याला संध्याकाळी विचारायला हवं."

पोरी म्हणाले, वहिनी. मॅडम नाही. मी तोंड धुवायच्या निमित्ताने उठले.

त्या एका दिवसाच्या नोंदींवरून आणि तळावरच्या जाळ्यांवरून मी आता ढोबळ सांगू शकते, दिवसा तीनातला एक मासा आम्हाला दिसतच नाही. मागचा नऊ हजाराचा आकडा तेरा हजार असू शकतो. बाराच्या वर. अकराही असेल, पंधराही असेल. इतक्या मागचं छातीठोकपणे सांगता येत नाही. पण "नऊ" असं मी छातीठोकपणे सांगितलं होतं.

पूर्ण बंदीची कदाचित गरज नव्हती. कमी पकडून भागलं असतं. होडी राहिली असती.

हे मी अहवालात लिहिणार आहे. आधी तुला लिहिलं. परवा डिझेलसाठी बंदरात थांबू, तिथून हे आणि पंधरा तारखेचं, अशी दोन्ही पत्रं टाकते.


[वहिनीचं उत्तर]

२ मार्च

वन्सं,

तिन्ही पत्रं मिळाली. सभेनंतर जुन्या पत्त्यावर आलेली तुझी दोनसुद्धा मिळाली होती. उघडली नव्हती. डब्यात ठेवली होती. आता पाची एकदम वाचली. डोळे दुखले. अक्षर मोठं काढत जा.

फॉर्मवर नाव राहू दे. दुसरं कोण आहे तुला?

होडी तोडली त्याचं दुःख झालं. खोटं कशाला बोलू. पण लाकूड होतं, कधीतरी जाणारच होतं. मला राग होडीचा नव्हता. तू मला बाई म्हणालीस त्याचा होता. तीनशे माणसांत. मी घरी आले आणि तुझ्या शाळेच्या वह्या काढल्या, जाळायला. मग नाही जाळल्या. चांगल्या वह्या होत्या, मागची पानं कोरी होती.

आता मी तुला एक सांगते, ते नीट वाच.

मासा कमी झाला होता. बंदीच्या आधी दोन वर्षं. मला ठाऊक होतं. शेडमध्ये मीच फाडत होते ना. अंडी न घातलेली पिल्लं यायला लागली होती, वीतभरसुद्धा नाहीत. तांडेल म्हणाले, वहिनीसाहेब, थोडे दिवस थांबू या. मी म्हटलं, थांबून खायचं काय? सभेत मी तळाच्या माशाचं बोलले. पिल्लांचं बोलले नाही. तू विचारलं असतंस तरी सांगितलं नसतं. म्हणजे तू एक लपवलंस आणि मी एक लपवलं. तू एकटीच गुन्हेगार असल्यासारखं रडत बसू नकोस.

अहवालात खरं ते लिही. माझ्यासाठी लिहू नकोस आणि मला घाबरूनही लिहू नकोस. पिल्लांचंही लिही. माझं नाव घालायचं असेल तर घाल.

तांडेलांना सांग, गुडघ्याला तेल लावत जा.

वहिनी


३० मार्च

वहिनी,

तुझं पत्र मी कचेरीच्या जिन्यात उभ्याउभ्या वाचलं. तीनदा. मग वर जाऊन संचालकांच्या टेबलावर अहवाल ठेवला.

त्यांनी सारांश वाचला, चष्मा काढला. "या वेळचा आकडा सव्वीस हजार. उत्तम. बंदी उठवा, लोक खूश, आपण खूश. मग हे मागचं उकरून काढायचं काय अडलंय?"

मी म्हटलं, "मागचं चुकलं होतं."

"चुकलं होतं असं कोण म्हणतंय? कोणीच म्हणत नाहीये."

"एक बाई म्हणाल्या होत्या. सभेत."

त्यांना आठवलं. माणूस वाईट नाही, पण निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत. म्हणाले, "आपणच आपल्या तोंडाला काळं फासायचं? उद्या प्रत्येक आकड्यावर लोक बोट ठेवतील." मी म्हटलं, "ठेवू देत. ठेवायलाच हवं." असं मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. माझ्या आवाजात मला तुझा आवाज ऐकू आला आणि जरा भीतीच वाटली.

सभा परवा झाली. तेच सभागृह, तेच हलणारं टेबल. या वेळी मी आधी चूक सांगितली आणि मग आकडा. बारीक अक्षरातली ती ओळ मोठ्याने वाचून दाखवली. तीच गोष्ट एका मासे साफ करणाऱ्या बाईंनी पाच वर्षांपूर्वी याच सभेत तोंडावर विचारली होती, मी त्यांना उत्तर दिलं नाही, त्या माझ्या वहिनी आहेत, आणि माझं शिक्षण त्यांनी केलं, हेही सांगितलं. मग पिल्लांचं तुझं सांगणं, तुझ्या नावानिशी.

गोंधळ झाला. होणारच होता. एक जण खुर्चीवर चढून ओरडला, "माझी होडी कोण परत देणार?" मी म्हटलं, "कोणी नाही. मला देता येत नाही." तो तसाच उभा राहिला. त्याला मी काहीतरी कारण देईन असं वाटलं होतं बहुतेक. मग तो खाली उतरला, पण माझ्याकडे बघेना. त्याच्याबद्दल माझ्याकडे तुला सांगण्यासारखं चांगलं काही नाही. तो अजूनही माझ्याशी बोललेला नाही, आणि त्याचं बरोबर आहे.

जाळेमामा मागच्या रांगेतून उठले. म्हणाले, "मी दोन्ही बाजूंनी जाळं ओढलंय, होडीवरून आणि यांच्या जहाजावरून. मासा कमी झाला होता. आणि हिने मोजला तेवढाही कमी झाला नव्हता. आता दोघं मिळून मोजा." आणि बसले. गुडघा धरून बसले. तेल लावत नाहीत, मी विचारलं.

काय ठरलं ते सांगते. पट्ट्याचा दक्षिणेकडचा अर्धा भाग पुढच्या हंगामापासून उघडणार. उत्तरेकडे पिल्लं वाढतात, तो बंदच राहणार. जाळ्याची वीण मोठी. आणि यापुढे प्रत्येक मोहिमेत संध्याकाळच्या फेऱ्या, आणि जहाजावर धक्क्यावरची दोन माणसं.

मला प्रमुखपदावरून काढलंय. कागदावर "फेरनियुक्ती" असं छान लिहिलंय. पुढच्या फेरीला मी लांबी मोजायच्या टेबलावर असेन, पोरींबरोबर. घरी येऊन चहा केला, आणि चहा पिताना लक्षात आलं की पाच वर्षांत पहिल्यांदाच मला भूक लागली होती. पोळी-भाजी शोधून शोधून खाल्ली.

नऊ हजार म्हणणारी मी, आणि चुकले म्हणणारी मी, दोघीही तू वाढवलेल्या आहेत. पहिलीला तू शिकवलंस, आणि दुसरीला सांभाळून घेतलंस, रागात असतानासुद्धा. वह्या न जाळून.

येशील का एकदा? घर लहान आहे. दोन खोल्या, पण ऊन येतं.


१७ एप्रिल

वहिनी,

तू काल गेलीस. तू समोर असताना मला हे बोलता आलं नाही, म्हणून लिहिते. तू बसमध्ये बसलीस, खिडकी उघडेना, आणि आपण दोघी काचेतून नुसत्या हातवारे करत राहिलो.

तू आलीस तेव्हा मी दारात काहीतरी मोठं बोलणार होते. पाठ केलं होतं. तू पिशवी खाली ठेवलीस आणि म्हणालीस, "आधी संडास कुठे ते सांग, चार तास बसमध्ये बसलेय." मग चहा झाला. मग अहवाल मागितलास. तळाच्या माशाचं पान मोठ्याने वाचायला लावलंस, आणि एका शब्दावर थांबवून म्हणालीस, "हे माणसांच्या भाषेत सांग." मी सांगितलं. तू म्हणालीस, "मग असंच लिहायचं ना."

मी विचारलं, "माफ केलंस का?"

तू भिंतीकडे बघत म्हणालीस, "ते मला जमतं की नाही ठाऊक नाही. पण तीन दिवस राहणार आहे. चालेल ना?"

चालेल का, म्हणे.

आपल्या घरात कोणी कोणाचे आभार मानत नाही. मानले तर तू म्हणशील, डोकं फिरलंय का. म्हणून कागदावर मानते, कागदाला तू ओरडू शकत नाहीस. नाक पुसायला लावल्याबद्दल. होडी न विकल्याबद्दल. मला शेडमधून हुसकून अभ्यासाला पाठवल्याबद्दल, तू एकटी गार पाण्यात उभी राहून. प्रश्न विचारल्याबद्दल. पाच वर्षं न बोलल्याबद्दलसुद्धा. बोलली असतीस तर मी तुला समजावून गप्प केलं असतं, आणि स्वतःलाही. आणि पिल्लांचं सांगितल्याबद्दल. ते तुला सांगायची काहीच गरज नव्हती. तू मला एकटीला चुकू दिलं नाहीस.

परवा दुपारची गोष्ट तुला माहीत नाही. जेवण झालं, तू ओटा पुसायला घेतलास, मी फडकं हिसकावून घेतलं. तू कुरकुरत जाऊन माझ्या पलंगावर टेकलीस, नुसती पाठ टेकते म्हणालीस. मी भांडी घासून आले तर तू झोपली होतीस. तोंड जरा उघडं, हात पोटावर, बोटं अजून त्या गार पाण्याने वाकलेलीच. मी दारात उभी राहिले आणि आठवून बघितलं, तुला दिवसा झोपलेली मी कधी बघितलीय? आठवेना. दादा होता तेव्हाही नाही, तो गेल्यावर तर नाहीच. मी शाळेतून यायचे तेव्हा तू उभी असायचीस. मी परीक्षेला उठायचे तेव्हा तू उभी असायचीस.

मी पडदा ओढला. फोन बंद केला. दाराच्या बेलची तार काढून ठेवली. वरच्या मजल्यावर कोणी खिळा ठोकायला लागलं, तर जिना चढून जाऊन त्यांना सांगून आले, की तासभर थांबा, घरात माणूस झोपलंय. त्यांनी विचारलं, आजारी आहे का कोणी? मी म्हटलं, नाही, दमलंय.

मग मी जमिनीवर, दाराला पाठ लावून बसले. कोणी येऊ नये म्हणून.

साडेपाचला तू दचकून उठलीस, पदर सावरलास आणि माझ्यावरच ओरडलीस, "एवढा उशीर? उठवायचं नाही का गं?"

नाही, वहिनी. नव्हतं उठवायचं.